दाताच्या डॉक्टरला पाळीची तारीख कशाला?

माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा येणाऱ्या बाईला एक कागद भरावा लागतो. नाव, वय, गाव, शुगर, बीपी, आणि सगळ्यात खाली ‘शेवटच्या पाळीची तारीख’. कराडात बावीस वर्षं दवाखाना चालवतेय, आणि या ओळीपाशी पेन अडखळलं नाही असं क्वचित झालंय. सोबत सासरे असले की रकाना कोराच परत येतो. एका आजींनी तर सरळ विचारलं होतं, “बाई, तुम्ही दाढा काढता की बाळंतपणं करता?”

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की मुलाचा विचार सुरू झाला की आधी दात दाखवून घ्या. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरं काही घेतलेलं नाही.

वय २८, लग्नाला दीड वर्ष झालं, यंदा मुलाचा विचार आहे. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, दुखत मात्र काही नाही. सासूबाई म्हणतात, लेकरामागे एक दात जायचाच, त्यांचे दोन गेले. दात साफ करून घेतले की हलायला लागतात असंही घरात सगळे सांगतात. काय करू?
– एक वाचक, इचलकरंजी

सासूबाईंचे दोन दात गेले हे खरंच असणार. माझ्या आईचाही एक गेला. पण ते लेकरांनी नेलेले नाहीत. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं ही समजूत मी चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही ऐकते. हाडांतून कॅल्शियम निघून रक्तात जाऊ शकतं. दाताच्या कवचातून रक्तात परत जायला त्याला वाटच नाही. बाळाला लागणारं कॅल्शियम आईच्या ताटातून जातं, तिथे कमी पडलं तर तिच्या हाडांतून.

मग दात का जायचे? गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन वाढतात, त्यामुळे हिरड्यांत रक्त जास्त खेळतं. ज्या किटणाकडे हिरडी एरवी काणाडोळा करायची, त्यालाच आता ती सुजून उत्तर देते. साधारण दुसऱ्या महिन्यात हे सुरू होतं आणि आठव्यापर्यंत वाढत जातं. रक्त दिसलं की बाई घाबरून ब्रश फिरवायचं सोडते. वर उलट्या, दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकणं. बाळंतपणानंतरचा सव्वा महिना तर स्वतःच्या तोंडाकडे बघायला कुणाला फुरसत असते? आधीच कीड किंवा किटण असलं तर एवढ्या काळात ते आपलं काम उरकून घेतं.

हे मी नुसतं पुस्तकातलं सांगत नाही. थोरलीच्या वेळी सातव्या महिन्यात माझ्या वरच्या दोन दातांमधल्या हिरडीवर शेंगदाण्याएवढा लालजांभळा गोळा आला. ब्रशचा केस लागला तरी भळभळ रक्त. त्याला आमच्यात ‘प्रेग्नन्सी ट्यूमर’ म्हणतात. नाव भयंकर आहे, पण कॅन्सरशी त्याचा काही संबंध नाही, आणि बहुतेकींचा बाळंतपणानंतर आपसूक ओसरतो. माझाही गेला. पण डोहाळजेवणाच्या एकाही फोटोत मी दात दाखवून हसलेली नाही. फुलांची वाडी, हिरवी साडी, हातात धनुष्यबाण आणि घट्ट मिटलेले ओठ! त्या दोन दातांमधल्या जुन्या सिमेंटची कड तुटलेली होती, तिथे घाण साचायची, आणि दाताच्या डॉक्टरीणबाई वर्षभर ‘बघू नंतर’ म्हणत होत्या.

आता दात साफ करण्याबद्दल. किटण निघालं की दातांमधल्या फटी दिसतात, जीभ तिथे सारखी जाते, दात हलल्यासारखे वाटतात. त्या फटी आम्ही पाडलेल्या नसतात. किटणाखाली हिरडी आणि हाड आधीच खाली गेलेलं असतं, आम्ही वरचं लिंपण तेवढं काढतो. जितका उशीर कराल तितकी फट मोठी दिसेल.

एका बाबतीत मात्र मी तुम्हाला घाबरवणार नाही. हिरड्यांचा आजार म्हणजे अपुऱ्या दिवसांचं बाळ, अशा पाट्या काही दवाखान्यांत लावलेल्या असतात. हिरड्यांचा आजार जास्त असलेल्या बायकांत अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळं जास्त दिसतात, हे बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. पण अमेरिकेत ८२३ गरोदर बायकांवर एक मोठा प्रयोग झाला, २००६ साली तो छापून आला. निम्म्या बायकांच्या हिरड्यांचे उपचार एकविसाव्या आठवड्याच्या आत केले, उरलेल्यांचे बाळंतपणानंतर. उपचारांनी कुणाला अपाय झाला नाही, हिरड्या सुधारल्या, पण अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं काही कमी झाली नाहीत. मी यातून एवढंच घेते की गरोदरपणात उपचार करायला भ्यायचं कारण नाही, आणि त्याच्या आधी केले तर उत्तमच.

तेव्हा प्रयत्न सुरू करायच्या तीनेक महिने आधी या. एका बैठकीत दात साफ होतील, मग दीड-दोन महिन्यांनी हिरड्या पुन्हा दाखवायच्या. ब्रश मऊ घ्या, आणि रक्त येतं त्याच जागी हलक्या हातानं रोज फिरवा, ती जागा चुकवू नका. बायकांच्या डॉक्टरांकडे फॉलिक अॅसिडची गोळी विचारायला जाणारच असाल, त्याच आठवड्यात माझ्यासारखीकडेही चक्कर टाका.

खालची अक्कलदाढ अर्धीच बाहेर आली आहे. वर्षात दोनदा सूज येऊन तोंड उघडेना. डॉक्टर मोठा एक्स-रे काढून दाढ काढू म्हणतात. पण आम्ही चान्स घ्यायचा म्हणतोय. एक्स-रेचे किरण अंगात किती महिने राहतात? तोवर थांबावं लागेल का?
– एक वाचक, पुणे

दिवा मालवल्यावर उजेड खोलीत किती महिने राहतो? तसंच हे. बटण सुटलं की किरण संपले, अंगात काहीही साठत नाही. एक्स-रे काढला म्हणून एक दिवसही थांबायची गरज नाही. एका दाताच्या छोट्या एक्स-रेत मिळणारे किरण म्हणजे जमिनीतून आणि आकाशातून आपल्याला साधारण एका दिवसात मिळतात तेवढे. सगळा जबडा दिसणाऱ्या मोठ्या फिल्मला काही दिवसांचे. यंत्राचा रोख जबड्याकडे असतो, पोटाकडे नव्हे. तरीही मी तारीख विचारते. कारण नंतर दिवस गेल्याचं कळलं की बाई महिनाभर झोपत नाही, आणि तिची ती झोप मला सांभाळायची असते. कुणी पाळी चुकायच्या आधी नकळत असा एक्स-रे काढून बसली असेल, तर तिनंही जिवाला घोर लावून घेऊ नये.

दाढ मात्र आत्ताच काढा. अर्धवट दाढेवर हिरडीचं झाकण असतं, त्याखाली अन्न अडकतं, पू होतो. दोनदा झालंय म्हणजे तिसऱ्यांदा होणार, आणि हिरड्या आधीच सुजलेल्या असताना झालं तर हाल. आज तुम्हाला हवी ती गोळी देता येते, पाचव्या महिन्यात प्रत्येक गोळीपुढे विचार करावा लागेल. पाळी येऊन गेली की लगेच दिवस ठरवा, टाके निघून औषधं संपेपर्यंत त्या महिन्यात चान्स घेऊ नका. डॉक्टरांना आधीच सांगा की मुलाचा विचार आहे, म्हणजे ते औषधं तशीच निवडतील.

तोंडात तीन दाढांत चांदी भरलेली आहे. त्यात पारा असतो असं वाचलं. गर्भ राहण्याआधी सगळी काढून घेऊ?
– एक वाचक, ठाणे

धड असेल तर हात लावू नका. बसलेली चांदी उकरताना पाऱ्याची वाफ जास्त निघते. एखादी फुटली असेल किंवा कडेनं कीड दिसत असेल तर तेवढीच, आणि दिवस जायच्या आधी बदलून घ्या. नवीन भरताना दाताच्या रंगाचं सिमेंट मागा.

मिसेसला लहानपणापासून मशेरीची सवय. सकाळी आणि रात्री लावते, मधेही दोन-तीनदा. लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणते. तिच्या माहेरी आई, आजी, सगळ्याच लावायच्या, सगळ्यांना चांगली मुलं झाली. आम्हाला आता मूल हवंय. मी सांगितलं की भांडण होतं. तुम्ही काही लिहिलंत तर तिला वाचून दाखवीन.
– एक वाचक, सांगोला तालुका

भाऊ, वाचून दाखवू नका, मासिक तिच्या हातात द्या. आणि त्याआधी एक विचारते. तुमच्या खिशात चुन्याची डबी आहे का? असली तर आधी ती उंबऱ्याबाहेर ठेवा. तुमची डबी घरात आणि तिची मशेरी बंद, हा न्याय मला कधी पटलेला नाही, तिलाही पटणार नाही.

इथून पुढचं तिच्यासाठी.

ताई, मशेरी म्हणजे दात घासायची पावडर नव्हे. तव्यावर काळा होईतो भाजलेला तंबाखू आहे तो. भाजून त्याचं विष जळत नाही. हिरडीला लावलं की निकोटीन रक्तात जातं, म्हणून तर डोकं हलकं होतं, म्हणून तर पोट हलतं. तुमचं पोट साफ होतं हे खोटं नाही. निकोटीननं आतडी हलतात, सवय त्याचीच लागलेली असते, दातांची नाही. पण दिवस गेले की तेच रक्त वारेतून बाळाकडे जातं, आणि निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात. मुंबईतल्याच १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली छापून आला. मशेरी आणि तसला न ओढता घ्यायचा तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणंही त्यांच्यात जास्त होती. शंभर ग्रॅम म्हणजे काय, असं तुम्ही म्हणाल. अडीच किलोच्या काट्यावर असलेल्या बाळाला तेवढ्यानंच अलीकडे की पलीकडे ते ठरतं.

आई-आजीला चांगली मुलं झाली, हे मी नाकारत नाही. किती गेली, किती अशक्त निघाली, याची मोजदाद त्या काळी कुणी ठेवली नाही, एवढंच. माझ्या खुर्चीवर अशा आज्या येतात. हिरडी मुळापर्यंत उतरलेली, दात काळे, आणि ओठाच्या आत ज्या जागी मशेरी ठेवायच्या तिथे पांढरा चट्टा. तो चट्टा पाहिला की मी हसतमुखानं बोलते, पण आतून घाबरलेली असते. तुमच्या ओठाच्या आत तसं काही दिसत असेल तर मुलाचा विषय थोडा बाजूला ठेवून आधी दाखवून घ्या.

सोडायची कशी? दिवस गेल्यावर सोडू, असं बहुतेक जणी म्हणतात. पण दिवस गेल्याचं कळेपर्यंत दीड-दोन महिने निघून जातात. त्यातून मळमळ सुरू झाली की मशेरीनं बरं वाटतं म्हणून ती उलट वाढते, हे मी कितीदा पाहिलंय. म्हणून आत्ता. आधी मधल्या वेळच्या दोन-तीन बंद करा, मग रात्रीची, सगळ्यात शेवटी सकाळची, कारण तीच सर्वांत चिवट. सकाळी डब्याकडे हात जायच्या आधी कोमट पाणी प्या आणि पेस्टनं ब्रश करा. पहिले आठ-दहा दिवस पोट अडेल, चिडचिड होईल, डोकं धरेल. इसबगोल घ्या, पाणी वाढवा, चाला. मशेरी सुटली की कधीकधी काही दिवस हिरड्यांतून रक्त जास्त दिसतं, त्याला घाबरून परत डबा उघडू नका. तंबाखूनं तिथलं रक्त आजवर दाबून ठेवलेलं असतं. अगदीच जमेना तर १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट नंबर आहे, तंबाखू सोडायला फोनवर मदत करतात. निकोटीनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं, पण मूल हवं असताना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

आणि माहेरी जाल तेव्हा तवा चुलीवर असेलच, वासही येईल. आईला आधीच फोन करून सांगून ठेवा.

पाचवा महिना आहे. दाढ रात्रभर ठणकते. दोन दवाखान्यांत गेले, दोघांनीही बाळंतपणानंतर या म्हणून सांगितलं. मेडिकलमधून सुट्टी गोळी आणून घेते, नाव माहीत नाही.
– एक वाचक, लातूर जिल्हा

हे पत्र वाचून राग आला, तुमचा नव्हे. अंक छापून येईपर्यंत तुम्ही कळ सोसणार, म्हणून पत्त्यावर लगेच उत्तर पाठवलंय. इथे देते ते इतरांसाठी.

ती गोळी आजच बंद करा. ठणक्यावर सुट्ट्या मिळणाऱ्या गोळ्यांत बहुधा आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नाहीतर निमेसुलाइड असतं. विसाव्या आठवड्यानंतर असल्या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर ताण येऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद व्हायची भीती. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल चालतं. पू असेल तर अॅमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक देता येतं. डॉक्सिसायक्लिन मात्र नको, त्यानं बाळाच्या होणाऱ्या दातांवर डाग पडतात.

पण गोळ्यांनी ठणका दबतो, दाढ बरी होत नाही. रूट कॅनाल किंवा दाढ काढणं गरोदरपणात करता येतं. चौथा ते सहावा महिना त्याला सोयीचा, आणि पू झाला असेल तर महिना मोजत बसायचं नाही. नेहमीची भुलीची सुई चालते. गरज पडली तर शिशाचा एप्रन घालून एक्स-रेही चालतो. खुर्चीत पूर्ण उताणं झोपू नका, उजव्या कुशीखाली उशी घेऊन थोडं डावीकडे कला, नाहीतर पोटाच्या भारानं मोठी शीर दाबून चक्कर येते. तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांकडून ‘दाताचे उपचार करण्यास हरकत नाही’ अशी दोन ओळींची चिठ्ठी घेऊन जा. पुष्कळदा नकार येतो तो अज्ञानानं नव्हे, ‘काही झालं तर माझ्यावर येईल’ या भीतीनं, आणि चिठ्ठी पाहिली की हात मोकळे होतात. खाजगीत जमलं नाही तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात दाताचे डॉक्टर बघा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे दाढेचा विषय तुम्हीच काढा. तुम्हाला कुणी आ करायला सांगेल याची वाट पाहू नका.

पहिल्या वेळी पाच महिने उलट्या झाल्या. आता वरचे दात आतून पिवळे दिसतात, गार लागतं. दुसऱ्याचा विचार आहे. या वेळी दात कसे वाचवू?
– एक वाचक, नाशिक

उलटी झाल्या झाल्या तुम्ही ब्रश करत होता ना? नव्वद टक्के बायका तेच करतात (आकडा माझ्या अंदाजाचा). पोटातल्या आम्लानं दाताचं कवच मऊ पडलेलं असतं, त्यावर लगेच ब्रश म्हणजे ओल्या भिंतीवर खराटा. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चुळा भरा आणि ब्रश अर्ध्या-पाऊण तासानं करा. गेलेलं कवच परत येत नाही, पण उघड्या पडलेल्या भागावर सिमेंटचा थर देता येतो आणि फ्लोराइड लावता येतं. ते दिवस जायच्या आधी करा, दिवस गेल्यावर तोंडात आरसा घातला तरी उमासे येतात. चिंच, आवळा, कैरीचे डोहाळे लागले तर खुशाल पुरवून घ्या, फक्त एका बैठकीत संपवा. गालात चिंचेचा गोळा धरून दुपार काढायची नाही.

मी लेस्टरला असते. इथे गरोदर असताना आणि बाळ झाल्यावर वर्षभर एनएचएसवर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, दातांचे उपचार फुकट. मग आत्ता पैसे भरून का करू?
– एक वाचक, इंग्लंड

तुमचं माहेर सदाशिव पेठेत आहे का? हिशोब चोख आहे, पण गरोदर असताना जे नाइलाजानं करावं लागतं ते फुकट मिळालं तरी त्रासाचंच. रूट कॅनाल, अक्कलदाढ, जुन्या कॅप आत्ता करा. मधल्या काळातली साफसफाई आणि तपासणी फुकटात करून घ्या, त्यासाठीचं प्रमाणपत्र सुईणीकडून न विसरता मागून घ्या. आणि डिसेंबरच्या सुट्टीत इकडे येऊन स्वस्तात उरकायचा बेत असेल तर उतरल्या आठवड्यातच दवाखान्यात या. विमानाच्या आदल्या दिवशी रूट कॅनाल सुरू करून द्या म्हणणाऱ्यांना मी हल्ली परत पाठवते.

सून म्हणते, बाळ झाल्यावर त्याला कुणी उष्टा चमचा द्यायचा नाही, तुमच्या तोंडातले किडे त्याला लागतील. आम्ही चार पोरं वाढवली. हे काय नवीन?
– एक आजी, सातारा

आजी, सून बोलली तिखट, पण उगाच नाही. दात किडवणारे जंतू बाळ पोटातून घेऊन येत नाही. ते बहुतेक आईकडून आणि घरातल्यांच्या लाळेतून येतात. म्हणूनच होणाऱ्या आईच्या किडलेल्या दाढा आधी भरून घ्याव्यात म्हणते मी. आईच्या तोंडात जंतू जितके कमी, तितके बाळाकडे कमी आणि उशिरा जातात. आता नातवाचा पापा घ्यायचा नाही असं कुणी सांगितलं तर मीही ऐकणार नाही. पण घास चावून भरवणं आणि चमचा चाटून गार करणं सोडा. मधाचं बोट तर वर्षाच्या आत अजिबात नको. ते दातांपेक्षाही जिवाला घातक ठरू शकतं.

आणि सुनेला दात दाखवायला घेऊन याल तेव्हा तुम्हीही खुर्चीत बसा. तुमच्याही दोन-चार दाढा पोखरलेल्या असणार, पत्रात ‘गोड खाल्लं की कळ येते’ असं तुम्हीच लिहिलंय. कागदावरची ती शेवटची ओळ तुम्ही खुशाल कोरी सोडा.